लॅपटॉप इथे, कोड तिकडे: एसएसएचवरून क्लाउडमधल्या मशीनवर काम कसं चालतं

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहिण्याच्या प्रोग्रामच्या (एडिटरच्या) खिडकीत अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो. एरवी त्यावर फक्त दोन बाणांचं चिन्ह दिसतं. एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत, वापरून दूरच्या मशीनला जोडलं की तिथे 'एसएसएच' आणि त्या मशीनचं नाव येतं. बाकी सगळं जसंच्या तसं: डावीकडे फाईलींची यादी, मध्ये कोड, खाली आज्ञा टाइप करायचं टर्मिनल. फरक इतका कमी दिसतो की हे सगळं आपल्याच लॅपटॉपवर चाललंय असं वाटतं, आणि पुढचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. लॅपटॉपवर पायथन टाकलंय, मग एडिटरला का सापडत नाही? माझं डाउनलोड्स फोल्डर कुठे गेलं? ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता, उघडतंय, म्हणजे सर्व्हर नक्की कुठे चालू आहे?

या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी पाठ करायची गरज नाही. कुठली गोष्ट कोणत्या मशीनवर चालते, एवढं एकदा पक्कं झालं की ती आपोआप मिळतात. हा लेख त्यासाठीच. उदाहरण म्हणून व्हीएस कोड घेतो, कारण त्यातली मांडणी मला सर्वांत स्वच्छ वाटते.

आधी थोडक्यात, लोक असं काम का करतात? कधी प्रोजेक्ट इतका मोठा असतो की लॅपटॉपवर बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला, अर्धा तास लागतो. कधी जड गणितासाठी जीपीयू ही खास चिप हवी असते. कधी कंपनीला कोड कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर ठेवायचाच नसतो. आणि टीममधल्या प्रत्येकाला सारखीच तयार व्यवस्था देता येते, हा तर मोठाच फायदा. मग क्लाउडमध्ये तुमच्या नावाचं एक मशीन किंवा कंटेनर (मशीनमधलाच वेगळा, बंदिस्त कप्पा) तयार होतो. ॲमेझॉनचं साधं ईसीटू मशीन असेल, कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाचं कोडस्पेसेस असेल किंवा कंपनीने स्वतः चालवलेलं कोडर असेल. याला वर्कस्पेस म्हणतात. तो गरजेला सुरू होतो, न वापरल्यास बंद होतो, कधी कधी पुसून नव्याने बनतो. हा तात्पुरतेपणा लक्षात ठेवा, पुढे तो वारंवार आडवा येणार आहे.

एसएसएच नेमकं काय करतं

1995 साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघड झालं. तेव्हा दूरच्या संगणकावर लॉगिन करायला टेलनेट वापरत आणि त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. त्या प्रकारानंतर तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याच्यासाठी त्यांनी पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा दरवाजा-क्रमांक) 22 मागून घेतला, कारण फाईली पाठवणाऱ्या एफटीपीचा 21 आणि टेलनेटचा 23 यांच्यामधला तो क्रमांक मोकळा होता. आज आपण वापरतो ते बहुतेक वेळा ओपनएसएसएच असतं. ते 1999मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी काढलं आणि ते लिनक्स, मॅकबरोबर 2018पासून विंडोज 10मध्येही येतं.

जोडणी होताना तीन गोष्टी घडतात. पहिली, दोन्ही टोकं मिळून एक गुप्त संख्या ठरवतात आणि पुढचं सगळं बोलणं तिच्या आधारे कुलूपबंद होतं. गणिताची किमया अशी की ती संख्या स्वतः तारेवरून कधी जातच नाही, दोन्हीकडे स्वतंत्रपणे तीच निघते. दुसरी, सर्व्हर स्वतःची ओळख पटवतो. तिसरी, तुम्ही तुमची ओळख पटवता. लोकांचं लक्ष तिसऱ्याकडे असतं आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून आधी दुसरीबद्दल.

प्रत्येक सर्व्हरकडे स्वतःची एक की (किल्ली) असते, तिला होस्ट की म्हणतात. पहिल्यांदा जोडता तेव्हा एसएसएच तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिच्यावरून काढलेली छोटी खूण, दाखवतं आणि विचारतं, पुढे जाऊ का? तुम्ही 'येस' म्हटलं की ती 'नोन होस्ट्स' नावाच्या फाईलमध्ये नोंदवली जाते. पुढच्या वेळी की वेगळी दिसली तर एसएसएच मोठ्या अक्षरांत बजावतं की समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे, आणि जोडणी नाकारतं.

मार्च 2023मध्ये जगभरातल्या असंख्य प्रोग्रामरांना एकाच वेळी हा इशारा दिसला. गिटहबची आरएसए प्रकारची खाजगी होस्ट की एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) थोडा वेळ उघडी पडली होती, म्हणून गिटहबने ती बदलली. त्या दिवशी इशाऱ्यामागचं कारण खरं होतं आणि गिटहबने नवा फिंगरप्रिंट जाहीर केला होता, त्यामुळे तो ताडून पाहता येत होता.

क्लाउड वर्कस्पेसमध्ये हा इशारा नेहमीचाच. मशीन नव्याने बनलं की होस्ट की नवी. जुना आयपी पत्ता दुसऱ्या मशीनला मिळाला तरी की वेगळी. त्यामुळे जुनी नोंद काढून टाकायची सवय लागते, आणि ही सवय धोक्याची आहे. मशीन आपणच पुन्हा बनवलं असेल तर नोंद जरूर काढा. आपण काहीच बदललेलं नसताना इशारा आला तर थांबा, मशीन सांभाळणाऱ्याला विचारा, क्लाउडच्या कन्सोलमध्ये फिंगरप्रिंट पाहा. इशारा कायमचा बंद करणारी सेटिंग नेटवर सर्रास सुचवली जाते. स्वतःच्या कामाच्या मशीनसाठी ती वापरू नका.

आता तुमची ओळख. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा चालवली की डॉट-एसएसएच नावाच्या फोल्डरमध्ये दोन फाईली तयार होतात. प्रकार निवडायचा असेल तर 'ईडी25519' निवडा, ती लहान आणि भक्कम असते. एका फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉट पब' असतं, ती पब्लिक की. ती कुणालाही द्या, हरकत नाही. दूरच्या मशीनवर ती 'ऑथराइज्ड कीज' या फाईलमध्ये ठेवली जाते. दुसरी, शेवटी 'डॉट पब' नसलेली, ती प्रायव्हेट की. लॉगिनच्या वेळी तुमचा लॅपटॉप त्या जोडणीपुरत्या माहितीवर प्रायव्हेट कीने सही करतो आणि सर्व्हर ती सही पब्लिक कीने तपासतो. प्रायव्हेट की लॅपटॉप सोडून जातच नाही. म्हणून 'तुझी की पाठव' असं कुणी म्हटलं तर डॉट पब फाईलच पाठवायची. दुसरी फाईल व्हॉट्सॲपवर, ईमेलवर किंवा गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) गेली की ती की मेली असं समजून नवीन बनवायची.

या फाईलच्या परवानग्यांबद्दल एसएसएच फार कडक आहे. लिनक्स किंवा मॅकवर प्रायव्हेट की दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर ते ती वापरायलाच नकार देतं. उपाय सोपा: परवानगी फाईलला 600, फोल्डरला 700, म्हणजे फक्त मालकाला. शिवाय कीला पासफ्रेज (तिचा स्वतःचा पासवर्ड) ठेवा. दर वेळी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर एसएसएच एजंट आहे. तो मोकळी केलेली की मेमरीत धरून ठेवतो आणि गरज पडेल तेव्हा सही करून देतो. मात्र 'एजंट फॉरवर्डिंग' चालू केलं की दूरच्या मशीनवरही तुमच्या नावाने सह्या मागता येतात, आणि त्या मशीनवर ज्याच्याकडे रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार आहेत त्यालाही ते करता येतं. सगळ्यांच्या सामायिक मशीनवर ते बंदच ठेवा.

नाव एक, मागे कितीही गुंतागुंत

डॉट-एसएसएच फोल्डरमध्येच 'कॉन्फिग' नावाची एक साधी मजकुराची फाईल ठेवता येते. त्यात चार ओळी लिहायच्या. 'होस्ट'पुढे तुम्हाला आवडेल ते टोपणनाव, 'होस्टनेम'पुढे खरा पत्ता, 'यूजर'पुढे दूरच्या मशीनवरचं नाव, आणि 'आयडेंटिटीफाईल'पुढे प्रायव्हेट कीची जागा. यूजरचं नाव चुकणं ही फार सामान्य चूक आहे. ॲमेझॉनवर उबुंटूचं मशीन असेल तर नाव 'उबुंटू' असतं, ॲमेझॉन लिनक्सचं असेल तर 'ईसीटू-यूजर'. चुकीच्या नावाने गेलात तर की बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' एवढंच उत्तर मिळतं आणि माणूस तासभर कीच तपासत बसतो.

ही फाईल लिहिली की टर्मिनलमध्ये 'एसएसएच' आणि पुढे टोपणनाव, एवढंच टाइप करायचं. व्हीएस कोडही हीच फाईल वाचतो. त्याचं रिमोट-एसएसएच एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) जोडणीसाठी तुमच्या लॅपटॉपवरचा नेहमीचा एसएसएच प्रोग्रामच चालवतं. म्हणून माझा आग्रह असतो की आधी टर्मिनलमधून जोडून पाहा. तिथे जमलं नाही तर एडिटरमध्ये जमणार नाही, आणि एडिटरपेक्षा टर्मिनलमध्ये कारण चटकन कळतं. 'डॅश व्ही' लावलं तर एसएसएच प्रत्येक पायरी बोलून दाखवतं: कोणती कॉन्फिग वाचली, कोणती की पुढे केली, कुठे नकार मिळाला.

पण बऱ्याच क्लाउड वर्कस्पेसना इंटरनेटवरचा पत्ताच नसतो. ते कंपनीच्या खाजगी नेटवर्कमध्ये असतात, पोर्ट 22 बाहेरून बंद, आणि ते योग्यच आहे. मग एसएसएच पोहोचतं कसं? 'प्रॉक्सीकमांड' नावाच्या एका ओळीमुळे. ही ओळ असली की एसएसएच स्वतः नेटवर्कवर जोडणी करत नाही. ओळीत दिलेला प्रोग्राम ते चालवतं, जे पाठवायचं ते त्या प्रोग्रामला देतं आणि जे यायचं ते त्याच्याकडून घेतं. बाइट कोणत्या वाटेने जातात याच्याशी एसएसएचला देणंघेणं नसतं. त्याचं कुलूप दोन्ही टोकांना असतं, त्यामुळे वाटेतल्यालाही आतलं वाचता येत नाही.

कोडरमध्ये 'कोडर कॉन्फिग-एसएसएच' ही आज्ञा दिली की ती तुमच्या कॉन्फिग फाईलमध्ये अशा नोंदी स्वतःच लिहिते. गिटहबचं कमांड लाइन टूलही कोडस्पेसेससाठी असा मजकूर तयार करून देतं. ॲमेझॉनच्या सेशन मॅनेजरलाही याच ओळीतून जोडतात. तो मधला प्रोग्राम तुमचं त्या सेवेवरचं लॉगिन वापरतो, वर्कस्पेसपर्यंतचा रस्ता शोधतो आणि नळी जोडून देतो. एडिटरला यातलं काहीच माहीत नसतं, त्याला फक्त एक नाव दिसतं. एसएसएचला तीस वर्षं झाली तरी नवी क्लाउड टूल्स त्याच्यावरच बसवली जातात याचं श्रेय मी या एका ओळीला देईन.

याची दुसरी बाजूही जाणून घ्या. त्या मधल्या टूलचं लॉगिन संपलं की एडिटरमध्ये फक्त 'कनेक्शन क्लोज्ड' असं काहीतरी दिसतं. की ठीक, कॉन्फिग ठीक, तरी जोडत नाही. अशा वेळी आधी त्या टूलमध्ये पुन्हा लॉगिन करा.

एडिटरचे दोन भाग होतात

मायक्रोसॉफ्टने मे 2019मध्ये रिमोट डेव्हलपमेंटची एक्स्टेन्शन्स आणली, तेव्हापासून व्हीएस कोड असा चालतो. 'कनेक्ट टू होस्ट' दाबल्यावर तो एसएसएचने आत शिरतो आणि समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे ते पाहतो. मग होम फोल्डरमध्ये डॉट-व्हीएसकोड-सर्व्हर नावाचं फोल्डर शोधतो. तुमच्या लॅपटॉपवर व्हीएस कोडची जी आवृत्ती आहे, नेमक्या त्याच आवृत्तीचा सर्व्हर तिथे हवा असतो. नसेल तर तो डाउनलोड होतो. दूरच्या मशीनला इंटरनेट नसेल तर लॅपटॉप तो उतरवून घेतो आणि एसएसएचवरून पलीकडे पाठवतो. मग तो सर्व्हर सुरू होतो आणि त्याच एसएसएच जोडणीतून एक बोगदा काढून तुमची खिडकी त्याला जोडली जाते.

यावरून काही रोजच्या गोष्टी उलगडतात. पहिली जोडणी हळू असते आणि एडिटर अपडेट झाल्यावरची पहिली जोडणी पुन्हा हळू असते, कारण सर्व्हर नव्याने उतरतो. तुमच्या वर्कस्पेसचं होम फोल्डर दर वेळी पुसलं जात असेल तर रोज सकाळी हाच विलंब होणार; होम फोल्डर कायमच्या डिस्कवर ठेवा म्हणून ॲडमिनकडे जरूर मागणी करा. सर्व्हरच्या एसएसएच सेटिंगमध्ये 'अलाव टीसीपी फॉरवर्डिंग' बंद केलेलं असेल तर टर्मिनल चालेल पण एडिटर अडकेल, कारण बोगदाच निघत नाही. आणि मशीन फार जुनं असेल तरी अडेल: सध्याच्या आवृत्त्यांना लिनक्सवर ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीचं 2.28 किंवा त्यापुढचं रूप लागतं, तर सेंटओएस 7मध्ये ते 2.17 आहे आणि उबुंटू 18.04मध्ये 2.27.

आता वाटणी पाहू. लॅपटॉपवर राहतं ते दिसणं आणि टायपिंग: खिडकी, थीम, फॉन्ट, कीबोर्ड शॉर्टकट. दूरच्या मशीनवर जातं ते बाकी सगळं काम: फाईली, टर्मिनल, गिट, शोध, डीबगर, आणि कोड समजून घेऊन सूचना देणारे लँग्वेज सर्व्हर. एक्स्टेन्शन्सचीही अशीच विभागणी होते. थीमचं एक्स्टेन्शन लॅपटॉपवर, पायथनचं दूरच्या मशीनवर. म्हणूनच लॅपटॉपवर आधीच असलेलं पायथन एक्स्टेन्शन जोडल्यावर मंद दिसतं आणि 'इन्स्टॉल इन एसएसएच' असं बटण येतं. आणि म्हणूनच लॅपटॉपवरचं पायथन एडिटरला सापडत नाही. तो तिकडचं शोधतो, आणि तेच बरोबर आहे.

या वाटणीचा खरा फायदा टाइप करताना जाणवतो. रिमोट डेस्कटॉपवर प्रत्येक अक्षर पलीकडे जाऊन चित्र बनून परत येतं. इथे तुम्ही दाबलेलं अक्षर लॅपटॉपच लगेच दाखवतो; वाट पाहावी लागते ती सूचनांची, फाईल उघडण्याची. तरी अंतर काही नाहीसं होत नाही. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया हे सरळ रेषेत सुमारे 13,000 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2,00,000 किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन यायला किमान 130 मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. टर्मिनलमध्ये हे कळतं. अंतर मोठं असेल तर व्हीएस कोड अक्षर आधी अंदाजाने फिकट दाखवतो आणि पलीकडून खात्री आली की गडद करतो. मशीन कुठे बनवायचं हे तुमच्या हातात असेल तर जवळचं ठिकाण निवडा. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र 2016पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणेच. महाराष्ट्रात बसून व्हर्जिनियातलं मशीन वापरण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की फॉर्ममध्ये आधीपासून तेच निवडलेलं होतं.

जेटब्रेन्स कंपनीच्या गेटवे या टूलचाही विचार हाच आहे: जड भाग पलीकडे, खिडकी इकडे. फक्त त्यांचा पलीकडचा भाग म्हणजे जवळजवळ पूर्ण आयडीई (एडिटर आणि बाकीची साधनं एकत्र), त्यामुळे मशीनला मेमरी सढळ हाताने द्यावी लागते.

लोकलहोस्टचं कोडं आता सोपं आहे. दूरच्या मशीनवर तुमचं वेब ॲप पोर्ट 3000वर सुरू झालं की व्हीएस कोडच्या ते लक्षात येतं आणि तो लॅपटॉपवरचा 3000 एसएसएचच्या बोगद्यातून तिकडच्या 3000ला जोडतो. ब्राउझर लॅपटॉपवर, ॲप तिकडे. लॅपटॉपवर 3000 आधीच अडलेला असेल तर दुसराच क्रमांक मिळतो, म्हणून 'पोर्ट्स' टॅबमध्ये पाहण्याची सवय ठेवा. ही सोय असताना अर्धवट ॲप पाहण्यासाठी क्लाउडच्या फायरवॉलमध्ये पोर्ट साऱ्या जगाला उघडून देणं टाळा. डेटाबेसच्या बाबतीत तर नक्कीच.

तुटणं, झोपणं, हरवणं

वायफाय गेलं किंवा लॅपटॉप मिटला की खिडकी तुटते, पण पलीकडचा सर्व्हर काही काळ तसाच जिवंत राहतो आणि नेट आलं की खिडकी पुन्हा जोडली जाते. थोडा वेळ काही टाइप केलं नाही की जोडणी मरत असेल तर मधलं राउटर शांत जोडणी कापत असण्याची शक्यता मोठी. कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल 60' घाला, मग एसएसएच दर मिनिटाला हालचाल दाखवत राहील. तासन् तास चालणारं काम, मॉडेलचं ट्रेनिंग म्हणा, एडिटरच्या टर्मिनलच्या भरवशावर सोडू नका. ते टीमक्समध्ये, म्हणजे पलीकडच्या मशीनवर टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू करा, खिडकीचं काहीही झालं तरी ते चालू राहतं.

पण टीमक्सही वर्कस्पेस बंद होण्यापासून वाचवत नाही. कोडस्पेसेसमध्ये ठरावीक सेटिंग 30 मिनिटांची आहे: तेवढा वेळ हालचाल नसली की मशीन थांबतं. आणि थांबलेला कोडस्पेस 30 दिवस उघडला नाही तर पुसला जातो, त्यात पुश न केलेले, म्हणजे गिटहबवर न पाठवलेले, बदलही जातात. तुमच्या कंपनीच्या वर्कस्पेसचे नियम वेगळे असतील. ते पहिल्याच दिवशी विचारा: किती वेळाने थांबतो, कोणतं फोल्डर टिकतं, कधी पुसला जातो. आणि संध्याकाळी उठण्याआधी कोड पुश करा, काम अर्धवट असलं तरी वेगळ्या ब्रँचवर.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आपण दूरच्या मशीनमध्ये शिरतो, म्हणजे धोका असलाच तर त्या मशीनला, असं वाटतं. पण मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट सांगितलं आहे की ते मशीन कुणाच्या ताब्यात गेलेलं असेल तर या जोडणीतून तुमच्या लॅपटॉपवरही कोड चालवता येऊ शकतो. साध्या एसएसएच टर्मिनलपेक्षा एडिटरची जोडणी जास्त विश्वास मागते. अनोळखी किंवा हॅक झाल्याचा संशय असलेलं मशीन तपासायचं असेल तर एडिटर जोडू नका, साधं टर्मिनल वापरा.

एवढं करूनही एडिटर जोडत नसेल, आणि टर्मिनलमधून मात्र एसएसएच नीट चालत असेल, तर अडचण पलीकडच्या सर्व्हरची आहे. आउटपुट पॅनेलमध्ये 'रिमोट-एसएसएच' निवडून शेवटच्या ओळी वाचा. बऱ्याचदा होम फोल्डरची डिस्क भरलेली असते. टर्मिनलमध्ये 'डीएफ डॅश एच' दिलं की ते लगेच दिसतं. डिस्क मोकळी असेल तर सर्व्हर अर्धवट उतरून अडकलेला असू शकतो. कमांड पॅलेटमध्ये 'किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट' ही आज्ञा आहे, ती द्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर टर्मिनलमधून आत जाऊन डॉट-व्हीएसकोड-सर्व्हर फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा जोडा. तुमचा कोड त्या फोल्डरमध्ये नसतो, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. दूरची एक्स्टेन्शन्स तेवढी पुन्हा इन्स्टॉल करावी लागतात.